वाळू, मीठ, लोहकीस आणि भुसा: मिश्रण वेगळं करायचा प्रोजेक्ट घरी नीट कसा करायचा

सहावी-सातवीपासून पुढे कधी ना कधी हा प्रोजेक्ट येतोच, चार गोष्टी एकत्र करा आणि परत वेगळ्या करून दाखवा. मी कळव्याला राहते, संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांचं विज्ञान घेते, त्यामुळे दरवर्षी ठाण्यातल्या, ऐरोली-घणसोलीतल्या शाळांच्या मुलांकडून हे करून घ्यावं लागतं आणि दरवर्षी पालक त्याच त्याच ठिकाणी अडकतात. पुस्तकात पद्धतींची यादी असते, चुंबक, गाळणं, बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन वगैरे वगैरे, पण आधी काय आणि नंतर काय हे कोणी धड सांगत नाही, आणि सगळं काम तर त्या क्रमावरच चालतं.

त्यामुळे एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: आधी कोरडी कामं, मग पाण्याची, आणि गॅस सगळ्यात शेवटी. याची कारणं पुढे प्रत्येक पायरीत येतीलच.

१. काय काय लागेल

सामान फार महाग नाहीये, बरंचसं घरातच सापडतं.

मिश्रणासाठी: वाळू ५० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, लोहकीस १० ग्रॅम, लाकडाचा भुसा ५ ग्रॅम.

साधनं: एक बऱ्यापैकी ताकदीचं चुंबक, पातळ प्लास्टिकची पिशवी, चहाची गाळणी, नरसाळं, फिल्टर पेपर (कॉफीचा चालतो), काचेचे दोन-तीन ग्लास, स्टीलचं छोटं पातेलं, चिनीमातीची बशी, मापाचा कप, आणि वजनकाटा.

वजनकाट्याबद्दल थोडं सांगते. स्वयंपाकघरातला काटा बहुतेक वेळा १ ग्रॅमच्या पटीत दाखवतो, म्हणजे ५ ग्रॅम भुसा त्याच्यावर ४ पण दिसेल आणि ६ पण दिसेल. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा पॉकेट काटा ऑनलाइन मिळतो, सोसायटीत कोणाकडे तरी असतोच, तो एका संध्याकाळपुरता मागून आणा. काटा नसेल तर प्रोजेक्ट होतो, पण मग 'वेगळं केलं' एवढंच म्हणता येतं, किती परत मिळालं ते सांगता येत नाही, आणि मार्क तिथेच असतात.

आणि एक साधी रेघांची वही. बऱ्याच शाळांत प्रोजेक्टबरोबर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि फोटो मागतात, तर प्रत्येक पायरीला एक फोटो आणि दोन ओळी त्याच वेळी लिहून घ्यायच्या. रात्री आठवून लिहिलेलं निरीक्षण वाचताक्षणी कळतं.

२. हात लावायच्या आधी गुणधर्मांचा तक्ता करा

ही पायरी सगळे गाळतात. मुलाला कागद द्या आणि चारही पदार्थांसमोर चार प्रश्न लिहायला सांगा: चुंबकाला चिकटतो का, पाण्यात विरघळतो का, पाण्यावर तरंगतो का, तापवल्यावर काय होतं. मग उत्तरं भरा.

लोहकीस: चिकटतो, विरघळत नाही, बुडतो.
भुसा: चिकटत नाही, विरघळत नाही, तरंगतो (सुरुवातीला तरी).
वाळू: चिकटत नाही, विरघळत नाही, बुडते.
मीठ: चिकटत नाही, विरघळतं, पाणी उडून गेलं तरी मागे राहतं.

आता तक्त्याकडे नीट बघा. दोन पदार्थ जिथे वेगळं वागतात तिथेच त्यांना वेगळं करता येतं. वाळू आणि मीठ, दोघांच्या कणांचा आकार जवळजवळ सारखा, म्हणून चाळणी उपयोगाची नाही, पण विरघळण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून पाणी. हे मुलाने स्वतः तक्त्यातून काढलं की पुढे परीक्षेत कुठलंही वेगळं मिश्रण आलं तरी त्याला जमतं, पाठांतर लागत नाही.

आपल्या घरात आज्या हेच करायच्या. पाखडताना सुपातनं फोलपट वाऱ्याने उडतं आणि दाणा मागे पडतो कारण दाणा जड, चाळताना आकाराचा फरक, आणि तांदूळ रोळताना पाण्यात भांडं हलवत हलवत वरचे तांदूळ दुसऱ्या भांड्यात घ्यायचे, खडे तळाला राहतात. आता वाशीच्या मार्केटमधला सोर्टेक्स तांदूळ आणतो आपण, त्यात मशीन रंगावरून दाणा ओळखून वेगळा काढतं, म्हणून रोळणं मुलांनी बघितलेलंच नसतं. घरात कोणाला येत असेल तर मुद्दाम करून दाखवायला सांगा, मूठभर तांदळात दहा-बारा खडे टाकून, आणि प्रोजेक्टमध्ये फोटो लावा. सराफाच्या दुकानातला केर-राख धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढणारे झारेकरी याच तत्त्वावर काम करतात, वाळूची घनता २.६५ च्या आसपास आणि सोन्याची १९.३, त्यामुळे हलकी माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोनं तळाशी बसतं.

३. सामान तपासून घ्या, निम्मा गोंधळ इथेच होतो

लोहकीस. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-तुर्भे एमआयडीसीत कोणाच्या ओळखीने लेथवरचा चुरा मिळतो, पण तो तेलकट असतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. तो मुलाच्या हातात देऊ नका. मोठ्यांनी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि लगेच पसरून वाळवायचा. शिवाय तो लोखंडाचाच आहे का ते चुंबक लावून बघा, ॲल्युमिनियम किंवा पितळेचा निघाला तर सगळंच फसतं, आणि स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला दाद देत नाहीत. यापेक्षा बरा उपाय म्हणजे जुना खिळा पकडीत धरून कानशीने घासायचा. वेळ लागतो, पण कीस स्वच्छ मिळतो. १० ग्रॅमऐवजी ५ ग्रॅम घेतला तरी चालेल.

वाळू. ही खरी मेख आहे, आणि बाहेरच्या पुस्तकात किंवा व्हिडिओत ती सापडणार नाही. आपल्याकडे बिल्डिंगच्या कामावर हल्ली क्रश सँड असते, म्हणजे आपल्याच काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा, चुरा. या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांच्या रूपात असतं आणि ते चुंबकाला चिकटतं. नदीच्या वाळूतही तेच काळे कण वाहून आलेले असतात. मग होतं काय, १० ग्रॅम लोहकीस घातला आणि १२ ग्रॅम परत आला, आणि पोरगं म्हणतं माझं चुकलं. चुकलेलं काही नसतं, वाळूतलं मॅग्नेटाइट त्याच्याबरोबर आलेलं असतं. म्हणून मिश्रण करायच्या आधीच नुसत्या वाळूवर चुंबक फिरवा आणि जे काळे चमकदार कण चिकटतील ते बाजूला काढून कागदाच्या पुडीत ठेवा. ती पुडी प्रोजेक्टच्या फाइलला चिकटवा, बाईंना नक्की आवडेल, कारण पायाखालच्या दगडातलं लोह दाखवणारी पुडी आहे ती.

खाडीकाठची वाळू आणली असेल तर ती गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवून घ्या, त्यात आधीच मीठ असतं आणि शिंपल्यांचे तुकडेही असतात.

भुसा. साध्या लाकडाचा, फिक्या रंगाचा घ्या. सुताराकडे प्लायवूड कापल्याचा भुसा जास्त असतो, त्यात गोंद असतो, तो नको. गडद लाकडाचा भुसा पाण्यात रंग सोडतो आणि शेवटी मीठ चहाच्या रंगाचं निघतं.

मीठ. पॅकेटच्या काही मिठात गोळे होऊ नयेत म्हणून न विरघळणारी बारीक पूड घातलेली असते, त्यामुळे पाणी किंचित पांढुरकं दिसेल. घाबरू नका, ते गाळण्यात निघतं.

४. वजनं करा आणि मिसळा

प्रत्येक पदार्थ वेगळा मोजून वहीत लिहा, मग एका प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण लावून हलवा. एकूण ८५ ग्रॅम झालं पाहिजे. डबा आणि हात कोरडे हवेत, ओल लागली की मीठ सगळ्यांना चिकटून बसतं.

५. चुंबक

मिश्रण मोठ्या कागदावर किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पातळ पसरा. स्टीलचं ताट घेऊ नका, बरीच ताटं चुंबकाला चिकटतात आणि मग चुंबक ताटालाच धरून बसतं.

चुंबक नागडं वापरायचं नाही. एकदा कीस चुंबकाला थेट चिकटला की तो पूर्ण सुटत नाही. पातळ पिशवीत चुंबक घाला, पिशवी घट्ट धरून मिश्रणावरनं हळूहळू फिरवा, कीस पिशवीच्या बाहेरच्या बाजूला केसाळ गुच्छासारखा उभा राहतो, मग पिशवी दुसऱ्या कागदावर नेऊन आतलं चुंबक वर ओढून घ्या, कीस आपोआप खाली पडतो. मुलांना ही पायरी सगळ्यात जास्त आवडते, त्यांनाच करू द्या.

पहिल्या फेरीत कीसाच्या गुच्छात वाळूचे आणि भुशाचे कण अडकून आलेले असतात. म्हणून काढलेला कीस परत पसरा आणि परत चुंबक फिरवा, जे खाली राहील ते मूळ मिश्रणात टाका. चुंबकाला काहीच चिकटेनासं झालं की थांबा.

हे पाण्याच्या आधीच का करायचं? कारण लोखंड, मीठ आणि पाणी एकत्र आले की गंज धरायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू तांबूस आणि पाणी पिवळट झालेलं असतं. गंज म्हणजे नवीन पदार्थ झाला, तो भौतिक बदल राहिला नाही, आणि त्याचं परत लोखंड घरी करता येत नाही. शिवाय ओला कीस वाळूला चिकटतो तो निघत नाही.

जोरदार छोटी चुंबकं, ती चांदीसारखी चकचकीत असतात ती, लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नका. एकापेक्षा जास्त गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना खेचून गंभीर इजा होते. पेसमेकर असलेल्या आजी-आजोबांपासूनही लांब ठेवा.

६. पाणी घाला, भुसा वरून काढा

राहिलं भुसा, वाळू, मीठ. एका ग्लासात हे घेऊन १०० मिली पाणी घाला आणि ढवळा.

पाणी किती घ्यायचं याचंही गणित आहे. साध्या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे आपल्या २० ग्रॅमला ५५-५६ मिली पुरतं. थोडं जास्त घेतलं की खात्री, पण अर्धा लिटर ओतू नका, नंतर ते सगळं आटवत बसावं लागतं. कोमट पाणी घेतलं तर मीठ पटकन विरघळतं एवढंच, जास्त विरघळतं असं नाही, उकळत्या पाण्यातही हा आकडा ३९ च्या आसपासच जातो.

ढवळून झालं की भुसा वर येतो, तो चहाच्या गाळणीने लगेच काढून घ्या. लगेच म्हणतेय ते उगाच नाही, भुसा पाणी पितो आणि थोड्या वेळाने बुडायला लागतो, मग तो वाळूत मिसळला की वेगळा करणं जिवावर येतं.

काढलेल्या भुशात खारं पाणी असतं. तो गाळणीतच धरून वरून दोन-तीन चमचे साधं पाणी घाला आणि ते पाणी त्याच ग्लासात पडू द्या. मग भुसा पेपरवर पसरून पंख्यापासून लांब वाळवा.

७. निवळणं आणि गाळणं

ग्लास पाच-दहा मिनिटं हलवू नका. वाळू खाली बसते. वरचं पाणी चमच्याच्या दांडीवरून हळूच दुसऱ्या ग्लासात ओता. आधी निवळायचं आणि मग गाळायचं, कारण सगळा गाळ एकदम फिल्टर पेपरवर ओतला तर पेपर तुंबतो आणि पाणी थेंब थेंब पडत राहतं.

पेपर असा घडी करा: गोल पेपर अर्धा, परत अर्धा, मग एक पदर उघडायचा, म्हणजे एका बाजूला तीन थर आणि दुसऱ्या बाजूला एक असा शंकू होतो. नरसाळ्यात बसवून आधी थोडं पाणी लावून चिकटवून घ्या, नाहीतर कडेने पाणी सुटतं. पाणी ओतताना पेपरच्या काठापर्यंत भरू नका, काठावरून गेलेलं पाणी न गाळताच खाली जातं. टिश्यू पेपर वापरायचा मोह होतो, तो ओला झाला की फाटतो. फिल्टर पेपर नसेल तर जुन्या मलमलीच्या कापडाच्या चार घड्या चालतात, पाणी एकदम स्वच्छ निघणार नाही पण काम होतं.

खाली आलेलं पाणी पारदर्शक दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर परत त्याच पेपरमधून घाला.

८. वाळू धुवा

ही पायरी गाळली म्हणून बहुतेकांचं मीठ कमी भरतं. वाळू ओली आहे आणि ते साधं पाणी नाही, मिठाचं पाणी आहे. समजा १०० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ आहे, वरचं ओतून घेतल्यावर वाळूत २० मिली अडकून राहिलं, तर ४ ग्रॅम मीठ वाळूतच राहिलं. आता ८० मिली साधं पाणी घालून ढवळून परत ओतून घेतलं की वाळूत ०.८ ग्रॅम राहतं, आणि परत एकदा ८० मिलीने तसंच केलं की ०.१६ ग्रॅम.

एकदम १६० मिली घालून एकदाच धुतलं असतं तर? साधारण ०.४४ ग्रॅम राहिलं असतं. पाणी तेवढंच, पण दोनदा थोडं थोडं वापरलं की जवळजवळ तिप्पट चांगलं धुतलं जातं. आठवी-नववीच्या मुलाला हे गणित स्वतः करायला लावा, कपडे दोन पाण्यातनं का खळबळतात ते त्याला तिथेच समजेल.

धुतलेलं सगळं पाणी गाळून पहिल्या मिठाच्या पाण्यातच मिसळा. वाळू फिल्टर पेपरसकट बशीत काढून वाळवा.

९. बाष्पीभवन, गॅसजवळ मोठं माणूस हवंच

मिठाचं पाणी आता पाव लिटरच्या थोडं वर असेल. स्टीलच्या पातेल्यात घेऊन मंद आचेवर ठेवा. ६० मिलीच्या आसपास आलं की वर आणि कडेला पांढरी साय धरायला लागते, म्हणजे द्रावण संपृक्त झालं, आता यापुढे पाणी गेलं की मीठ बाहेर पडणारच.

इथे दोन रस्ते आहेत. घाई असेल तर आच एकदम बारीक करून आटवत राहा, पण शेवटी शेवटी मीठ तडतडून उडतं आणि गरम मिठाचा थेंब डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून लापशीसारखं झालं की गॅस बंद करून पातेल्याच्या उष्णतेवरच वाळू द्या. वेळ असेल तर साय धरल्यावर पाणी चिनीमातीच्या बशीत ओता आणि उन्हात किंवा खिडकीत जाळीखाली ठेवा. दोन-चार दिवसांत तळाला छोटे चौकोनी खडे दिसायला लागतात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, कडा सरळ आणि कोपरे काटकोनात. हळू वाळलं की खडे मोठे होतात, पटकन आटवलं की नुसती पूड.

आपल्याला हे बघायला लांब जायला नको. भाईंदरची, उरणची मिठागरं याच पद्धतीवर चालतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घेत उन्हावर घट्ट करत नेतात. आणि शेवटचं पाणी पूर्ण आटू देत नाहीत, ते काढून टाकतात, कारण मीठ बसून गेल्यावर त्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात, ते कडू असतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते याच क्षारांमुळे.

जून ते सप्टेंबरमध्ये प्रोजेक्ट आला तर उन्हाच्या भरवशावर राहू नका, बशी आठवडाभर ओलीच राहते. गॅसवर आटवा आणि मीठ गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.

१०. हिशोब जुळवा

चारही पदार्थ पूर्ण वाळल्यावर परत वजन करा. वाळलं हे कसं ओळखायचं? वजन करा, परत वाळवा, परत वजन करा, दोन्ही आकडे सारखे आले की वाळलं. मग वहीत दोन रकाने, घातलेलं आणि परत मिळालेलं.

बेरीज ८५ पेक्षा जास्त आली तर काहीतरी ओलं आहे. वाळू कमी आली तर बारीक कण पेपरात आणि पाण्याबरोबर गेले. लोहकीस जास्त आला तर मॅग्नेटाइट किंवा अडकलेली वाळू. आकडे ओढूनताणून जुळवू देऊ नका मुलांना, प्लीज. ८५ चे ८१ आले आणि ४ ग्रॅम कुठे गेले असतील ते दोन वाक्यांत लिहिलं तर ते पूर्ण ८५ दाखवण्यापेक्षा कितीतरी जास्त चांगलं निरीक्षण आहे.

११. जोडीला करता येतील असे छोटे प्रयोग

तेल आणि पाणी. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, टोपण लावून उलटी धरा, झाली तोटीची नळी. पाण्यात बीटाचा रस आणि तेलात चिमूटभर हळद घाला आणि दोन्ही या बाटलीत ओता, बीटाचा रंग पाण्यात उतरतो आणि हळदीचा तेलात, म्हणजे दोन्ही थर आपापल्या रंगात दिसतात. दहा मिनिटं थांबा, मग टोपण थोडं सैल करा, खालचं पाणी निथळतं, पिवळा थर टोपणाशी आला की बंद करा. डिसेंबर-जानेवारीत खोबरेल घेऊ नका, ते २४-२५ अंशांच्या खाली गोठतं.

स्केचपेनचा काळा रंग. फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारा (पेनने नाही, पेनची रेघ स्वतःच पसरते), रेघेवर काळ्या स्केचपेनचा छोटा ठिपका द्या, पट्टी ग्लासात अशी उभी करा की पाणी ठिपक्याच्या खाली राहील. ठिपका पाण्यात बुडाला तर रंग पाण्यातच जातो आणि प्रयोग संपला. पाणी वर चढतं तसा काळा फुटून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे होतात. पाणी वरच्या टोकाला पोचायच्या आधी काढा. रंग किती चढला भागिले पाणी किती चढलं, हा आकडा प्रत्येक रंगाचा काढून लिहा, तो १ पेक्षा जास्त कधीच येत नाही. परमनंट मार्कर पाण्यात हलत नाही, त्याला घेऊन अर्धा तास वाट बघू नका. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांमधले रंग याच तत्त्वाने वेगळे केले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं.

मिठाच्या पाण्यातनं पाणी परत मिळवणं. पातेल्यात मिठाचं पाणी, मध्ये जड स्टीलची वाटी, वर झाकण उलटं, झाकणावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि वाटीत टपकते. वाटीतलं पाणी चाखून बघा, खारट लागत नाही. हेच ऊर्ध्वपातन. मीठ उकळून उडत नाही म्हणून हे सोपं जातं, पण दोन द्रवांच्या उत्कलनबिंदूत (उकळायच्या तापमानात) २५ अंशांपेक्षा कमी फरक असेल तर असं एका वाफेत जमत नाही, त्याला उंच स्तंभ लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतात तो असाच, हवा थंड करून तिचा द्रव करतात, मग उणे १९६ अंशाला नायट्रोजन आधी उडतो आणि उणे १८३ ला ऑक्सिजन. खाडीपलीकडे माहुलच्या रिफायनऱ्यांत कच्च्या तेलाचंही हेच चालतं.

१२. घरी अजिबात करू नका असं

संप्लवनाचा (घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ होण्याचा) प्रयोग पुस्तकात असतो म्हणून डांबर गोळ्या तापवायला ठेवतात लोक. नको. त्याची वाफ विषारी आहे. कापूर तर पेटतोच. नवसागर तापवला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन तिखट वायू होतात, ते वर गार जागी परत एकत्र येऊन पांढरा थर बसतो, शाळेत मोकळ्या हवेच्या प्रयोगशाळेत ठीक आहे, वन बीएचकेच्या किचनमध्ये नाही. घरी हवंच असेल तर मिठात कापराची पूड मिसळून उघड्या वाटीत, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि रोज वजन करा. न तापवताच कापूर उडून जातो आणि मीठ उरतं.

सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल असलं काहीही गॅसवर आटवायचं नाही.

१३. झाल्यावर सामानाचं काय करायचं

वेगळं केलेलं मीठ स्वयंपाकात वापरू नका, ते कितीही पांढरं दिसलं तरी. वाळू सिंकमध्ये किंवा बाथरूमच्या जाळीत ओतू नका, पाइप तुंबला की खालच्या मजल्यावरून फोन येतो. धुतलेली वाळू आणि भुसा कुंडीत चालतो, मिठाचं पाणी मात्र कुंडीत घालू नका, झाड जळतं. लोहकीस कोरड्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा, पुढच्या वर्षी धाकट्याला किंवा शेजारच्या मुलाला लागेल.

आणि चारही पदार्थ छोट्या पारदर्शक पाकिटांत भरून, प्रत्येकावर नाव, वजन आणि कुठल्या गुणधर्मामुळे वेगळा झाला ते लिहून फाइलला लावा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात की आधी पाणी का नाही घातलं, चुंबक का वापरलं. मुलाला पायरी ५ मधलं गंजाचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, तेवढी एक तयारी आदल्या दिवशी करून घ्या.